डिपर दिला म्हणून

आधी माफी मागतो. आमच्या घरात कुणी लिहायला बसलं की परीक्षा जवळ आली असं समजतात. परवा सुट्टीत मी हे पहिलं पान लिहीत होतो, तर आईनं चहाचा कप आवाज न करता ठेवला आणि बाहेर जाऊन सगळ्यांना हळू बोलायला सांगितलं. पेपरबिपर काही नाही, मी आपल्या तात्यांबद्दल लिहितोय, हे तिला सांगायचा धीर मला झाला नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या पंगतीत बसावं असं मी काही शिकलेलो नाही. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि कॉलेजात गेलेला घरातला पहिलाच, एवढीच माझी ओळख. पण एका प्रश्नानं मला बरेच दिवस सोडलं नाही, म्हणून लिहितो. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

प्रश्न असा. रस्त्यात एका जागी पोलीस गाड्यांचा वेग मोजायला उभे आहेत. तुम्ही तिथून येताय, समोरून दुसरी गाडी त्यांच्याकडे निघाली आहे. तिला दिव्याची उघडझाप करून तसं कळवलं, तर तो गुन्हा होतो का?

आमच्याकडे याला डिपर देणं म्हणतात. ही गोष्ट आम्ही कधी शिकलो ते आठवत नाही, कारण ती आमच्या जगण्याच्या आत आहे. आमचं गाव पलूसच्या पूर्वेला, जिथे कालव्याचं पाणी येता येता दमतं. घराणं मेंढपाळांचं. आता थोडी डाळिंबं आहेत, ज्वारी आहे, पण आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं सोडलेली नाहीत. दिवाळी झाली की कळप कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात उतरतो. ऊस तुटलेल्या रानात तिथले शेतकरी मेंढरं बसवून घेतात. त्यांच्या रानाला खत मिळतं, आमच्या मेंढरांना पाला. पण तिथवर जायचं ते डांबरी रस्त्यानं. कळपाच्या पुढे एक माणूस, मागे एक, आणि दोन्ही अंगांनी गाड्या. अशा वेळी आम्हाला सांभाळलं ते डिपरनं. कळप ओलांडून गेलेला ट्रकवाला समोरच्या गाडीला दिवे मारायचा आणि खिडकीतून हात काढून तळवा खाली दाबायचा, म्हणजे हळू ये, पुढं जनावरं आहेत. तो ट्रकवाला कोण, कुठला, हे आम्हाला कधी कळलं नाही. त्यालाही आम्ही कोण ते ठाऊक नसायचं.

पोलिसांसाठी खूण वेगळी. दिवे तेच, पण हात डोक्यावर ठेवायचा, टोपी घातल्यासारखा.

या दोन्ही खुणांत आमच्या तात्यांचा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नसेल. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. सैन्यात ड्रायव्हर होते. तिकडे डोंगरात गाड्यांचा ताफा निघाला की पहिल्या गाडीला जे दिसलं ते शेवटच्या गाडीपर्यंत पोचलंच पाहिजे, अशी त्यांची सवय घडली. नोकरी संपवून आले आणि एक जुनी पिकअप घेतली. तिच्यात डाळिंबं, भाजी, कधी कुणाचं लग्नाचं सामान घालून मलकापूर-कराडच्या बाजारापर्यंत फेऱ्या मारायचे. ताफा आता नव्हता, पण सवय राहिली. रस्त्यावर उसाची मोळी पडली, डिपर. ट्रॅक्टरच्या चाकांनी चिखल आणून टाकला, डिपर. वरात आडवी आली, डिपर. कॅमेऱ्याची पोलीसगाडी उभी दिसली, डिपर. काकी म्हणायची, "दारातल्या म्हशीला बी डिपर देत्यात. म्हस काय अजून बाजूला झाली न्हाई."

मजा म्हणजे तात्यांना स्वतःला पोलिसांचं भय असण्याचं काहीच कारण नव्हतं. ते इतक्या हळू चालवायचे की चढावर शाळेच्या पोरी सायकलवरून त्यांना मागे टाकत. वेगाचं चलन त्यांच्या मोबाइलवर कधी आलं नाही. मी एकदा विचारलं होतं, मग तुम्ही दुसऱ्याला कशाला सांगत बसता? ते म्हणाले, "एकटी गाडी अशी नसतीच रं. परत्येक गाडी कुणाच्या तरी पुढं असती."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या आयुष्यात एक चांगली गोष्ट घडायच्या बेतात होती. क्रेट चढवून-उतरवून त्यांची पाठ धरायला लागली होती. तेवढ्यात पलूसजवळच्या एका शाळेला बससाठी ड्रायव्हर हवा असल्याचं कळलं. तात्या भेटून आले. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बस चालवायला लावली आणि स्वतः शेजारी बसून डोळे मिटून घेतले. बस परत फाटकात येऊन थांबली तरी बाईंना कळलं नाही म्हणे. नोकरी जवळजवळ पक्की झाली. राहिला होता फक्त पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला. मुलांच्या गाडीवर माणूस ठेवायचा तर तो लागतोच. तात्यांनी अर्ज केला आणि धीर न धरवून शाळेचा निळा गणवेश आधीच शिवून आणला. तो खुंटीवर टांगलेला असायचा. काकी दर दोन-चार दिवसांनी त्याला नव्यानं इस्त्री करायची, आणि आपण कशासाठी करतोय ते कुणाला सांगायची नाही.

आणि नेमकं तेव्हाच तात्यांनी पोलिसांना डिपर दिला.

झालं असं. पलूस ओलांडल्यावर एक वळण आहे. त्या वळणाआड, चिंचेच्या झाडाखाली कॅमेऱ्याची गाडी उभी होती. तात्या तिच्यासमोरून त्यांच्या नेहमीच्या चालीनं आले आणि वळण संपल्यावर कामाला लागले. समोरून आलेल्या टेंपोला डिपर, मोटरसायकलवाल्याला डिपर, मग एका पांढऱ्या गाडीला डिपर. टेंपो हळू झाला. मोटरसायकलवाल्यानं हात केला. पांढरी गाडी पुढे गेली, वळली आणि तात्यांच्या मागे येऊन तिनं त्यांना थांबायला लावलं. आत साध्या कपड्यांत एक साहेब होते. आपलीच माणसं वळणावर नीट उभी आहेत का, ते बघायला निघालेले.

साहेबांनी काच खाली करून विचारलं, "डिपर कशाला दिला?"

"पुढं पोलीस हायत, साहेब."

"कुणाला सांगत होता?"

"तुमाला."

तात्यांना खरोखरच वाटलं, की माणूस बाहेरगावचा आहे, खूण कळली नाही म्हणून विचारायला परत आला आहे. म्हणून त्यांनी सगळं समजावून दिलं. तळवा खाली दाबला म्हणजे जनावरं, डोक्यावर हात ठेवला म्हणजे पोलीस. टोपीची खूण दोनदा करून दाखवली. तेवढ्यात त्यांची नजर मागच्या सीटकडे गेली. तिथे हुकाला खाकी शर्ट अडकवला होता.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की हा सरकारी कामात अडथळा आहे, याचा अहवाल होईल, सोमवारी चौकीवर या. तात्यांचं लायसन त्यांनी ठेवून घेतलं.

त्या संध्याकाळी मला कॉलेजजवळच्या, विश्रामबागेतल्या माझ्या खोलीवर आबांचा फोन आला. घरात मला 'वकीलसाहेब' म्हणतात. पहिल्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवसापासून म्हणतात आणि मी कितीही सांगितलं तरी थांबत नाहीत. आबांनी सगळा प्रकार सांगितला आणि शेवटी म्हणाले, "आता तू सांग, ह्यात गुन्हा हाय का न्हाई. तात्या जेवला न्हाई अजून." मागून काकीचा आवाज आला, की अहवाल झाला तर दाखला मिळंल का, ते आधी विचारा. मी म्हणालो, बघून सांगतो. आम्हाला तोवर करार शिकवला होता, नुकसानभरपाई शिकवली होती. डिपर कुठल्याच पेपरात नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसलो. खूप शोधलं. समोरच्याला दिवा दाखवून पोलिसांची वर्दी देऊ नये, असं सरळ वाक्य मला कुठेही सापडलं नाही. क्षणभर वाटलं, उठून नाचावं. मग मोटार वाहन कायद्यातलं एक कलम दिसलं, अधिकाऱ्याला त्याच्या कामात अडथळा आणणाऱ्याबद्दलचं. फौजदारी कायद्यातही तशाच अर्थाचं होतं. अडथळा म्हणजे नेमकं काय काय, ते मात्र तिथे नव्हतं. तो शब्द एखाद्या घोंगडीसारखा होता. कुणी ओढली तर कुणाच्याही अंगावर जाईल.

मी भीत भीत आमच्या मॅडमना विचारलं. चुलत्यांचं नाव काढलं नाही, एका इसमाची केस म्हणून विचारलं. मॅडमनी उलट मलाच विचारलं, की तो दिवा बघून समोरच्यानं काय केलं? मी म्हणालो, वेग कमी केला. मग पोलिसांना काय हवं होतं? मी म्हणालो, वेग कमी व्हायला हवा होता. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, आणि समोरच्या गाडीत दारू प्यालेला माणूस असता तर? पळवलेली गाडी असती तर? डिपर देणाऱ्याला आत कोण आहे ते दिसतं का? मग हसून म्हणाल्या, "इसमाला सांग, काळजी करू नको. आणि तू जेव."

कॉलेजबाहेरच्या चहाच्या गाड्यावर मी हे माझ्या मित्रापुढे मांडलं. तो सातारचा, त्याचे वडील पोलिसात हवालदार. बाकीची पोरं तात्यांच्या बाजूनं होती. लपून उभं राहायचं आणि पकडायचं, हा काय न्याय झाला, म्हणत होती. त्यानं आपला चहा संपवला. मग म्हणाला, त्याचे वडील ते यंत्र घेऊन उन्हात दिवसभर उभे असतात. डिपर मिळालेली गाडी त्यांच्यासमोरून बैलगाडीच्या चालीनं जाते आणि पुढच्या वळणावर पुन्हा सुसाट सुटते. "त्या फुडच्या वळणावर कोण डिपर देतंय, गड्या?" त्यानं विचारलं.   चहाचे पैसे मात्र त्या दिवशी त्यानंच दिले.

रविवारी गावी गेलो. तोवर गावानं निकाल लावून टाकला होता. पारावर, डेअरीवर, आमच्या ओसरीवर सगळ्यांचं एकच मत होतं, की तात्यांनी सांगावं, डिपर मेंढरांसाठी दिला. यात गंमत अशी, की ते अगदीच खोटंही नव्हतं. आमचाच कळप त्या दिवशी त्या वळणाजवळच्या रानात बसलेला होता, आबा स्वतः तिथे होते. आबा म्हणाले, "मेंढरं व्हती की. मी साक्ष देतो. मेंढरं बी देतील." सगळे हसले. शेजारचे एक म्हातारबुवा म्हणाले, "आवं, धनगराच्या गाडीनं मेंढरासाठी डिपर दिला न्हाई तर कुणी द्यायचा?"

तात्या मात्र त्या हसण्यात नव्हते. ते पिकअपच्या पायरीवर बसून चिखल खरवडत होते. मी जवळ गेलो तसे म्हणाले, "वकीलसाहेब, कायदा काय म्हणतो?"

मी त्यांना जमेल तसं सांगितलं. असा सरळ नियम मला सापडला नाही. पण अडथळ्याचं कलम मोठं आहे आणि साहेबांनी मनात आणलं तर ते लावू शकतात. लावलं तर ते टिकेल का, हे कोर्ट ठरवेल, आणि तोवर दाखल्याचं काय होईल ते मला माहीत नाही.  घरचे मला शिकवतात ते असल्या दिवसासाठी, आणि माझ्याकडून निघालं काय, तर माहीत नाही.

तात्यांनी विचारलं, "मेंढरं सांगू का मग?"

ओसरीवरचे सगळे आमच्याकडे वळले. मी उत्तर द्यायच्या आधी दारातून दिसणाऱ्या, खुंटीवरच्या त्या निळ्या गणवेशाकडे बघितलं, हे मला चांगलं आठवतं.

"मेंढरं रस्त्यावर व्हती का, तात्या?"

"न्हाई. रानात व्हती."

"मग नगा सांगू."

काकी उठून आत गेली. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते बाजारात चुकीची मेंढी घेऊन आलेल्या माणसाकडे बघतात. मीही लगेच घाबरलो. एका वाक्यात मी चुलत्याची नोकरी घालवली की काय, असं वाटलं. फक्त तात्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ते म्हणाले, "माझ्या बी मनात त्येच व्हतं. पर कुणीतरी शिकल्यालं म्हणायला पायजे व्हतं."

सोमवारी आम्ही दोघं एसटीनं गेलो. तात्यांकडे लायसन नव्हतं, आणि लायसन नसताना ते पिकअपची चावीसुद्धा खिशात ठेवायला तयार नव्हते. चौकीत साहेब खाकी कपड्यांत होते. तात्या त्यांच्या टेबलापुढे टाचा जुळवून उभे राहिले, साहेबांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

साहेबांनी स्वतःच वाट करून दिली. त्या बाजूला जनावरं होती का, असं विचारलं. मला वाटतं, चुकून नाही, मुद्दाम विचारलं. तात्या म्हणाले, "मेंढरं व्हती, साहेब. आमचीच व्हती. पर रानात व्हती. डिपर तुमच्या मानसांसाठी दिला."

"का पण?"

"म्होरला हळू जावा म्हणून. तुमी बी त्यासाठीच हुबं हाय न्हवं?"

 "मी त्यासाठी उभा नाही," साहेब म्हणाले. "सांगितल्यावर हळू होणारा माणूस मला नकोच आहे. कुणी बघत नाही असं समजून पळवतो, तो मला हवा आहे. तुम्ही त्यालाच सोडवता."

तात्यांनी यावर विचार केला. खरोखर केला, ते मला दिसत होतं. मग साहेब माझ्याकडे वळले. हा कोण? पुतण्या, लॉ करतो, असं कळल्यावर म्हणाले, मग सांगा वकीलसाहेब, गुन्हा आहे की नाही?

त्या दिवसापर्यंत मला कुणी टेबलापलीकडून असा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणालो, "साहेब, नक्की सांगता येत नाही. डिपर देऊ नका असं कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही. अडथळ्याचं कलम आहे. पण हळू जा म्हणणं हा अडथळा होतो का, ते मला ठरवता येईना. तुम्ही आत्ता म्हणालात, ते ऐकून तर आणखीच येईना."

साहेब पहिल्यांदा हसले. "मलाही नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी खणातून लायसन काढून तात्यांच्या हातात दिलं. अहवालाचं काय, ते मात्र सांगितलं नाही. वरिष्ठांशी बोलून ठरवू, असं म्हणाले आणि फोन घ्यायला उठले.

त्यानंतर काही दिवस तात्या फार अवघडून गाडी चालवायचे, असं काकीकडून कळलं. समोरून गाडी आली, की हात डिपरकडे जायचा आणि परत यायचा. एकदा म्हणे खरोखरच रस्त्यावर मेंढरं आडवी आली, आमचीच. तात्यांना इतका संशय पडला, की त्यांनी डिपर देण्याऐवजी पिकअप कडेला लावली, उतरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हातांनी ट्रक थांबवला. ट्रकवाला म्हणाला, "मामा, डिपर खराब झालाय व्हय?"

मी इकडे विश्रामबागेत परीक्षेच्या तयारीला लागलो, पण लक्ष फोनकडे असायचं. आबांचे फोन यायचे. कुठल्या मेंढीला जुळं झालं, कुणाच्या रानात किती दिवस बसायचं, आईनं शेंगदाण्याची चटणी पाठवली ती मिळाली का, सगळं सांगायचे. दाखल्याचं मी विचारलं, की म्हणायचे, काय न्हाई अजून. त्या 'काय न्हाई'मध्ये मला दर वेळी माझंच ते वाक्य ऐकू यायचं, 'मग नगा सांगू.' मी मित्राला म्हणालो, की मी बहुतेक चुकलो. हवालदाराचा पोरगा तो, म्हणाला, वाट बघ, आमच्याकडं सगळं उशिरा हुतं, चांगलं बी.

परीक्षा संपली त्या दुपारी मी बसथांब्यावर उभा होतो, तेव्हा फोन आला. आबा नेहमीप्रमाणे मेंढरांपासून सुरू झाले. मी ऐकत राहिलो. मग मधेच म्हणाले, "आणि ते तात्याचं. दाखला आला काल. कोरा हाय, वाईट काय बी लिवल्यालं न्हाई त्यात. सोमवारपास्नं बशीवर जायाचाय."

 आबांना वाटलं, फोन तुटला. हॅलो हॅलो करून ते पुढे सांगायला लागले, की शाळेच्या बसला वेगाचं कुलूप असतं, ठरलेल्या वेगाच्या पुढं ती पळतच नाही, म्हणजे आता पोलीस असोत नसोत, तात्याला काय फरक पडत नाही. काकीनं गणवेशाला परत इस्त्री केली. आणि तात्या सकाळीच बस बघून आला.

"कशी हाय बस?" मी विचारलं.

"कुणाला ठावं," आबा म्हणाले. "इंजन बघितलं न्हाई, टायर बघितलं न्हाई. वर चढला आन् आधी डिपर चालतोय का बघितला."